पेंडीवर पोसलेला अननस

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याला फोर्ट पीअर्सपासून स्टुअर्टपर्यंत वाळूचं एक लांबच लांब टेकाड आहे. पूर्वेला इंडियन रिव्हर नावाची खारी खाडी, पश्चिमेला गोड्या पाण्याची दलदल आणि मधे हा उंचवटा. फार पूर्वी समुद्र इथवर होता, त्या वेळची ही पुळण. आज तिच्यावर रेल्वेचे रूळ आहेत, खाडीकडे तोंड केलेली घरं आहेत, कुठे कुठे खुरट्या पाइनचं रान शिल्लक आहे. १८८० नंतरची तीसेक वर्षं मात्र या टेकाडावर मैलोगणती अननस उभा होता.

माझी मुलगी पोर्ट सेंट लुसीला राहते, म्हणून हा भाग माझ्या पायाखालचा झाला. माझं स्वतःचं आयुष्य वेंगुर्ला तालुक्यात, समुद्राला लागून असलेल्या नारळाच्या वाडीत गेलं. वाळूत झाड जगवायचं म्हणजे काय काय करावं लागतं, हे लग्न होऊन आले तेव्हापासून मी बघते आहे. या टेकाडावरची वाळू साखरेसारखी पांढरी आणि सुटी. मूठ उघडली की हाताला मातीचा डाग म्हणून लागत नाही. अशा जमिनीत या लोकांनी घातलं तरी काय असेल, हा विचार माझ्या मनातून जाईना.

शोधायला फार त्रास पडला नाही. या धंद्यातल्या माणसांनी आणि सरकारी शास्त्रज्ञांनी सगळं लिहून ठेवलं आहे. अमेरिकेच्या शेती खात्याच्या १८९५ च्या वार्षिक ग्रंथात हर्बर्ट वेबर यांचा अननसावर लेख आहे. १९०१ साली पी. एच. रॉल्फ्स यांनी शेतकऱ्यांसाठी छोटी पुस्तिका लिहिली. फ्लोरिडाच्या प्रयोगकेंद्रातल्या मिलर आणि ह्यूम यांनी १९०३ पासून अननसाची जमीन, जाती आणि खतं यांवर एकामागून एक पत्रकं काढली. शेतकरी बाईनं वाचावं असं त्यांत खूप आहे.

फ्लोरिडातला अननस सुरू झाला तो इथे नव्हे, त्याहून दक्षिणेच्या कीज बेटांवर, १८६० च्या सुमारास. रोपं क्युबाहून आली. ती बेटं प्रवाळाच्या खडकाची. खडकावर पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या पाल्याचा वीतभर थर. लोकांनी रान तोडलं, जाळलं आणि त्या थरात रोपं खोचली. खत घालायचा प्रश्नच नव्हता. पहिली काही पिकं झकास आली. मग तो थर संपला. खाली खडक उघडा पडला आणि माणसं पुढच्या रानाकडे वळली.

इंडियन रिव्हरकाठी हे करणं शक्य नव्हतं, कारण इथे संपवायला काही नव्हतंच. १८७९-८० च्या सुमारास कॅप्टन थॉमस रिचर्ड्स न्यू जर्सीहून इथे आले, कीज बेटांवरून रोपं आणली आणि आपल्या वस्तीचं नाव ईडन ठेवलं. पाठोपाठ जॉन जेन्सन नावाचा डॅनिश माणूस आला; जेन्सन बीच हे गाव त्याच्याच नावाचं. टेकाडावरची जमीन जवळजवळ निव्वळ गारगोटीची वाळू होती. मक्याचं कणीससुद्धा न भरणारी जमीन, म्हणून कवडीमोल. पण अननसाला दोन गोष्टी लागतात आणि त्या दोन्ही इथे होत्या. त्याच्या मुळाशी पाणी साचून चालत नाही. या वाळूत पाऊस पडला की दिसेनासा होतो. आणि त्याला थंडी सोसत नाही. खाडीच्या रुंद पाण्यामुळे काठावरचा गारठा थोडा बोथट होतो.

लागवडीची रीत वाचताना माझे हात शिवशिवले. पाइनची झाडं तोडून मुळं एकेक उपटून काढायची. वाफे आखायचे, मधे माणूस जाईल एवढी वाट. फळाच्या देठाला येणारे फुटवे किंवा बुंध्याचे कोंब घ्यायचे, त्यांची खालची पानं सोलून काढायची, म्हणजे मुळं पटकन सुटतात. मग दीड ते पावणेदोन फुटांवर एकेक रोप. एका एकरात दहा ते पंधरा हजार. रेड स्पॅनिश ही तिथली मुख्य जात, पानांच्या कडांना करवती काटे, त्यामुळे तोडणीला जाणारी माणसं पायांना जाड कापड बांधून आणि हातमोजे घालून वाफ्यात शिरत. लावणीनंतर दीड-दोन वर्षांनी पहिलं फळ, आणि त्यानंतर कित्येक वर्षं खोडवा.

याच वर्णनात एक काम असं आहे की ते वाचून मी पुस्तिका खाली ठेवली आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. रोप लावून झालं की लगेच त्याच्या पोटात, म्हणजे पानांच्या मधल्या पेल्यात, सरकीच्या पेंडीची चिमूट किंवा लहानशी मूठ टाकायची. काहीजण पेंडीऐवजी किंवा पेंडीबरोबर तंबाखूची पूड टाकत. कारण वाळूच. कोवळं रोप जमिनीसरशी असतं. वारा सुटला की सुटी वाळू उडून त्याच्या गाभ्यात भरते, वाढीचा कोंब दाबला जातो आणि रोप बसून जातं. पेंड ओली होऊन फुगते, गाभ्याच्या तोंडाशी बूच बसतं आणि वाळू आत जात नाही. पेंड हळूहळू कुजली की तिचा नत्र पानांच्या बेचक्यातून झाडाला मिळतो.

ज्या कोणी हे पहिल्यांदा केलं असेल, त्याला अननसाचा स्वभाव नेमका कळला होता. अननसाची मुळं वरवरची, बहुतेक सगळी वीतभर खोलीत. आणि हे झाड केवळ मुळांवर जगत नाही. पानांच्या बेचक्यांत पाणी धरून ठेवतं, तिथूनही अन्न शोषतं. बुंध्यावर, पानांच्या बगलेत त्याला बारीक मुळं फुटतात. वाळूत टाकलेलं खत पहिल्या सरीला खाली जाईल. पानात टाकलेलं राहील. नारळासाठी आळं करणाऱ्या आम्हा लोकांना अशी युक्ती सुचली नसती, कारण नारळाला पेला नाही. अननसानं खताचं भांडं स्वतःच आणलेलं आहे.

पुढच्या खतांतही भर सेंद्रिय वस्तूंवरच होता: सरकीची पेंड, एरंडीची पेंड, वाळवलेलं रक्त, हाडांचा चुरा, तंबाखूचे देठ, लाकडाची राख. वर्षातून तीन-चार वेळा विभागून द्यायचं, आणि सगळं मिळून एकरी टनभर किंवा त्याहूनही जास्त. वाळूत विद्राव्य खत टिकत नाही. कुजत कुजत सुटणारं खत टिकतं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक झालं होतं. तंबाखूच्या देठांतून पालाश मिळायचा आणि पानांच्या बुडाशी बसणारे पिठ्या ढेकूण, लाल कोळी यांनाही थोडा आळा बसायचा. अननसाला नत्राहून पालाश जास्त लागतो, तेव्हा हे देठ त्याला फारच मानवत.

हे सगळं यायचं कुठून? एवढ्या वाळूवर गुरांना चारा उगवत नाही, म्हणजे शेणाचा ढीग नाही. सरकी दक्षिणेकडच्या कापसाच्या राज्यांतली. रक्त आणि हाडं कत्तलखान्यांची. तंबाखूचे देठ सिगार वळणाऱ्या कारखान्यांचे; टॅम्पा आणि की वेस्ट ही त्या काळी सिगारची शहरं होती. आधी हा माल खाडीतून होड्यांनी यायचा. १८९४ मध्ये हेन्री फ्लॅगलरची रेल्वे या टेकाडावरून पुढे वेस्ट पाम बीचपर्यंत गेली, आणि मग गाडीनं खताची पोती उतरायची, त्याच गाडीनं कागदात गुंडाळलेल्या फळांच्या लाकडी पेट्या उत्तरेला जायच्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडाचा अननस वर्षाला दहा लाख पेट्यांच्या घरात गेला. त्या दहा लाख पेट्यांत टेकाडाच्या वाळूचं स्वतःचं असं जवळजवळ काहीच नव्हतं. ती फक्त रोप उभं धरून होती.

रेल्वे आली त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबर १८९४ मध्ये, आणि पुन्हा फेब्रुवारी १८९५ मध्ये, फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली. संत्र्यांच्या बागा उभ्या जळाल्या. अननसाची पानंही करपली, पण बुंधे पुन्हा फुटले आणि लोक पुन्हा उभे राहिले. ज्यांना परवडलं त्यांनी वाफ्यांवर लाकडी पट्ट्यांचे मांडव घातले. अर्धं ऊन, अर्धी सावली, आणि दव-गारठ्यापासून आडोसा. मांडवाखाली स्मूद केयेन, पोर्टो रिको अशा मोठ्या फळांच्या जाती लावत. एकरी खर्च अफाट व्हायचा, पण फळाला भावही तसाच.

खरा पेच रासायनिक खतांनी आणला. ॲसिड फॉस्फेट म्हणजे आपलं सुपर फॉस्फेट, आणि कायनाइट हे जर्मन खाणीतलं पालाशयुक्त मीठ, ही दोन्ही पेंडीपेक्षा स्वस्त पडत. लोकांनी ती घातली. मग वाफ्यांत एक विचित्र दुखणं दिसायला लागलं. पानं पसरेनात, अरुंद होऊन सरळ वर उभी राहत. लोक त्याला ‘स्पाइक’ म्हणत, म्हणजे खिळा किंवा सुळका. मिलर-ह्यूम यांनी आणि पुढे मिलर व ब्लेअर यांनी खतांचे वाफे पाडून प्रयोग केले. नत्रासाठी एकीकडे रक्त, सरकी पेंड, एरंडी पेंड, दुसरीकडे सोडियम नायट्रेट. स्फुरदासाठी एकीकडे हाडांचा चुरा, दुसरीकडे ॲसिड फॉस्फेट. पालाशाचेही वेगवेगळे प्रकार. ॲसिड फॉस्फेट या वाळूत अननसाला घातक ठरलं. हाडांचा चुरा बरा ठरला. नत्रातही सोडियम नायट्रेटपेक्षा सेंद्रिय खतंच सरस.

आज शंभरहून अधिक वर्षांनी ही पत्रकं वाचताना मला त्यांचं मोल फार वाटतं. एकाच वाळूत, एकाच जातीवर, शेजारीशेजारी वाफे पाडून त्यांनी बघितलं. सेंद्रिय खत चांगलं असं कुणी भक्तिभावानं सांगितलेलं नाही. ते या जमिनीत, या पिकाला, इतकं का लागू पडतं, हे पिकाकडे बघून ठरवलं आहे. चिकणमातीत सुपर फॉस्फेट मातीच्या कणांशी बांधलं जातं, त्याची धार कमी होते. या वाळूला बांधून ठेवायची ताकदच नाही. जे घालाल ते थेट मुळावर.

पण याच पत्रकांतून मला त्यांच्या शेतीचा कच्चा दुवाही दिसतो, आणि तो मी स्पष्ट बोलते. त्यांनी झाडाला खाऊ घातलं, जमिनीला घातलं नाही. पेंड, रक्त, हाडं ही सगळी बारीक, जोरकस खतं. कुजून पटकन संपणारी. पालापाचोळा, काडीकचरा असं जाडंभरडं, वाळूत वर्षभर टिकून ओल धरणारं त्यांनी फारसं घातलं नाही. वाफे ते सरकत्या खुरप्यानं तणमुक्त ठेवत. जमीन उघडी आणि वर फ्लोरिडाचं ऊन. त्यामुळे काही वर्षांत वाळू होती तेवढी पुन्हा कोरडी, आणि तिच्यात सूत्रकृमींना मोकळं रान. मुळांना गाठी यायला लागल्या. १९०८ च्या आसपास ‘विल्ट’ पसरला. पानं लाल पडून रोपं मान टाकू लागली. पिठ्या ढेकणांचा या रोगाशी असलेला संबंध हवाईतल्या शास्त्रज्ञांनी पुढे १९३० च्या दशकात उलगडला. इथल्या लोकांना तेव्हा फक्त मरणारे वाफे दिसत होते.

त्याच काळात आणखी दक्षिणेला, बोका रॅटनजवळ, यामातो नावाची जपानी शेतकऱ्यांची वसाहत होती. न्यूयॉर्कला शिकलेले जो साकाई यांनी ती १९०४-०५ मध्ये वसवली. त्यांचंही पहिलं पीक अननसच. रोगानं आणि क्युबाच्या स्वस्त मालानं तो बुडाला आणि त्यांनी टोमॅटो, भाजीपाला धरला. १९०६ साली आलेले सुकेजी मोरिकामी मात्र म्हातारपणापर्यंत तिथेच जमीन कसत राहिले आणि शेवटी ती जमीन लोकांसाठी देऊन गेले. १९७७ पासून तिथे त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. अननसाच्या वसाहतींपैकी माणसांची आठवण एवढी जपलेली जागा मी दुसरी पाहिली नाही.

बाकीची पडझड लवकर झाली. १९०३ च्या करारानं क्युबाच्या मालाला जकातीत सवलत मिळाली होती. १९१२ मध्ये फ्लॅगलरची रेल्वे की वेस्टला पोचली, १९१५ पासून हवानाहून रेल्वेचे डबेच बोटीवर चढून यायला लागले. ज्या रुळांनी या टेकाडाला खत आणून दिलं, त्याच रुळांवरून आता क्युबाचा अननस त्याच्या दारावरून पुढे जाऊ लागला. पहिल्या महायुद्धात जर्मन पालाश बंद झाला. फेब्रुवारी १९१७ ला पुन्हा कडक थंडी पडली. तोवर हवाईत डबाबंद अननसाचा प्रचंड धंदा उभा राहिला होता. वाफे ओस पडले आणि लोकांनी ते पुन्हा लावले नाहीत. रॉल्फ्स स्वतः १९२१ साली ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात कृषिविद्यालय उभारायला गेले, म्हणजे अननसाच्या मूळ मुलखातच.

इथे मला आमची वाडी आठवते ती अभिमान मिरवायला नव्हे. आमच्या वाडीतून कधी कुठे दहा लाख पेट्या गेल्या नाहीत. अननस आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी आणला, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जहांगीर बादशहा फिरंग्यांच्या बंदरांतल्या या फळाबद्दल लिहितो, आग्र्याच्या बागेत दरसाल हजारोंनी निघतं असंही सांगतो. गोव्यात तो कुळागरात, आमच्याकडे माडांच्या सावलीत राहिला. माडाखाली तो थोडा उशिरा धरतो, फळ जरा लहान येतं, पण करपत नाही.

आमच्या सासूबाई माडाचा नवा खड्डा स्वतः उभ्या राहून भरून घेत. तळाला नारळाची सोडणं, उताणी, थरावर थर, म्हणजे त्यांच्या खोबणीत ओल राहते. त्यावर पातेरा, शेण, चुलीतली राख, कुठून तरी दोन पाट्या तांबडी माती. पावसाळा सरल्यावर रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, तारली बेसुमार लागली आणि विकली गेली नाही, की ती आळ्यात पुरायची आणि वर वाळू ओढायची. माडाला मीठही घालत. अननसाच्या ओळीला मात्र मीठ नाही आणि ताजी मासळीही नाही. त्याला जुनं शेणखत आणि पातेऱ्याची जाड गादी. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “रेव काय देवची नाय गो. तू काय घालशीत, तांच झाडाक गावतला.”

रिचर्ड्स आणि जेन्सन यांनाही हे ठाऊक होतं. फरक एवढाच, की सासूबाईंचं खत हाकेच्या अंतरावर होतं: गोठा, रापण, माडाच्या झावळ्या. आणि त्यातलं निम्मं जाडंभरडं होतं, वाळूत मुरायला वर्ष घेणारं. म्हणून ती वाडी अजून उभी आहे. आमच्या कोकणातलंच भाट्याचं नारळ संशोधन केंद्रही १९५५ पासून अशाच समुद्रकाठच्या वाळूत काम करतं आहे. माडांच्या मधे जायफळ, दालचिनी, मिरी लावून एकाच जमिनीतून किती मजले उभे राहतात हे ते दाखवतात. त्या सगळ्या मजल्यांचा पाला खालीच पडतो.

आता आमच्याकडेही हाकेचं अंतर तुटत चाललं आहे. गोठे रिकामे झाले. रापणी थोड्या उरल्या, आणि तारली मिळाली तर ती फिशमीलच्या कारखान्याकडे जाते, कोळंबीचं खाद्य व्हायला. वाडीत पातेरा झाडून पेटवून देतात, कारण स्वच्छ दिसतं. आणि मग पोत्यातलं दाणेदार खत आणून कोकणच्या पावसात वाळूवर फेकतात. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस ते दाणे कुठे नेतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

म्हणून किनाऱ्यावर ज्यांची वाळूची वाडी आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पातेरा जाळू नका. माडांच्या मधे अननसाची एक ओळ लावा. अर्ध्या ओळीला पेंड आणि कुजकं शेणखत पानांच्या बेचक्यात आणि बुडाशी द्या, अर्ध्या ओळीला तुम्ही नेहमी देता ते द्या, आणि दोन वर्षं वजनं टिपून ठेवा. आणि घरात जी म्हातारी माणसं अजून आहेत त्यांना विचारा, कोणत्या आळ्यात, कोणत्या महिन्यात, किती पाट्या काय घालत होता. ते वहीत तारखेसकट लिहा. फ्लोरिडाच्या लोकांची शेती गेली, पण त्यांच्या चुका नि युक्त्या छापून राहिल्या, म्हणून मला त्या वेंगुर्ल्याच्या वाळूसाठी वाचता आल्या. सासूबाईंची मापं मी अर्धीच लिहून घेतली होती.